कोल्हापुरात राहून साम्राज्याचा इतिहास शिकायचाय? मग सुरुवात अशी करा

इतिहासात एमए करतो म्हटलं की घरातनं पहिला प्रश्न येतो, "मग एमपीएससी का?" आणि त्यात तुम्ही म्हणालात की मला ब्रिटिश काळातली संस्कृती आणि साम्राज्य यावर संशोधन करायचंय, त्यातच प्राध्यापक व्हायचंय, तर पुढचा प्रश्न कुणाला सुचतच नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या ज्या पोरापोरींच्या घरात आधी कुणी पीएचडी केलेली नाही आणि हे करिअर चालतं कसं हे सांगायला जवळ कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकी सगळं त्यावरच आहे. लोकांना वाटतं साम्राज्याचा इतिहास म्हणजे लंडन, दिल्ली, फार तर मुंबई. पण कोल्हापूर हे संस्थान होतं, म्हणजे इथं राजाही होता आणि त्याच्या शेजारी इंग्रजांचा पोलिटिकल एजंट, पुढं रेसिडेंटही होता. त्यामुळं एकाच घटनेवर दोन्हीकडनं कागद तयार झाले, दरबाराचे मोडीत आणि एजंटाचे इंग्रजीत. हे दोन्ही वाचणारी माणसं आज लई कमी आहेत. मोडी येणारा इंग्रजी फायलीकडं जात नाही आणि इंग्रजी फायली वाचणाऱ्याला मोडी येत नाही. तुम्ही दोन्ही शिकलात तर परदेशातल्या मोठ्या विद्यापीठातल्या माणसाला जे जमत नाही ते तुम्हाला जमेल, हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही, खरंच तसं आहे.

पायरी 1 : आधी गाव बघा

संस्कृती आणि साम्राज्य म्हणजे काय हे थिअरीच्या पुस्तकातनं सुरू केलं तर डोकं फिरतं. बर्नार्ड कोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं जनगणना, पोशाख, दरबार यातनं इंग्रजांनी भारताविषयीचं ज्ञान कसं उभं केलं ते दाखवलं, इतिहासकार रणजित गुहांनी 1982 पासून सबाल्टर्न स्टडीज या लेखसंग्रहांच्या मालिकेतनं शेतकऱ्यांच्या बंडाकडं बघायची नजर बदलली, हे सगळं वाचायचंच आहे पण दुसऱ्या महिन्यात. पहिल्या महिन्यात वही घेऊन गावात फिरा.

टाऊन हॉल बघा, 1872 ते 1876 मधला. न्यू पॅलेस बघा, 1877 ला सुरू होऊन 1884 ला पुरा झाला. दोन्हीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरचा. टाऊन हॉल विलायती गॉथिक धाटणीचा आणि महाराजांच्या राजवाड्यात मात्र भारतीय आणि युरोपीय घडण एकत्र. गावाच्या सार्वजनिक इमारतीला एक रूप आणि राजाच्या घराला दुसरं, हे कुणी ठरवलं, पैसे कुणाचे, राजाचं मत विचारलं होतं का? 1877 ला गादीवर चौथे शिवाजी होते, तेही अल्पवयीन, आणि कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. बघा, एका इमारतीतनं केवढा प्रश्न निघाला.

खासबाग मैदान 1912 चं, कुस्ती आणि राजाश्रय हा अख्खा विषय तिथं आहे. कोटीतीर्थाला जा, अबालाल रहिमान तिथं राहून चित्रं काढायचे, त्यांचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं म्हणजे सरळ सरकारी कलाशिक्षणातलं, आणि तो माणूस परत कोल्हापुरात येऊन इथली तळी आणि झाडं रंगवतो. गाण्यात दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेब. आणि राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर, ज्यांच्या 'विश्ववृत्त' मासिकातल्या लेखावरून 1908 मध्ये राजद्रोहाचा खटला झाला, तो लेख वैदिक प्रार्थनांवर होता. प्रार्थनेवरच्या लेखात सरकारला राजद्रोह दिसतो, संस्कृती आणि सत्ता यांचा संबंध याहून सोपा करून कुणी सांगू शकणार नाही.

पायरी 2 : मोडी, आणि त्याबरोबर तारखा

मोडी टाळू नका. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, बाहेरही वर्ग चालतात, थोड्या दिवसात अक्षरं येतात. पण अक्षरं आली म्हणजे कागद वाचता आला असं नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढलेली असते आणि अक्षरं तिला लटकत एकाला एक जोडून जातात, शब्दात जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, लेखक बदलला की वळण बदलतं. सुरुवातीला एका पानाला अख्खा दिवस जातो, जाऊ दे. रोज एक पान वाचा, देवनागरीत उतरवा, अडलेला शब्द तसाच मोकळा सोडा आणि पुढं जा, चार पानांनंतर तोच शब्द स्पष्ट अक्षरात भेटतो.

खरी मेख तारखेत आहे. जुन्या कागदावर वर्ष अरबी शब्दात असतं, "तिसा खमसैन मयातैन व अलफ". तिसा म्हणजे 9, खमसैन 50, मयातैन 200, अलफ 1000, झाले 1259. हे सुहूर सन, मृगाला म्हणजे जूनच्या सुमाराला सुरू होतं, त्यात 599 मिळवले तर 1858 आणि जानेवारीनंतरचा कागद असेल तर 600 मिळवायचे, 1859. म्हणजे हा कागद 1857 च्या लगेच नंतरचा आहे हे आकडा सोडवल्यावरच कळतं. शकाचंही तसंच. शके अधिक 78 हे सगळ्यांना पाठ असतं, पण शाहू महाराजांनी 2 एप्रिल 1894 ला कारभार हातात घेतला तेव्हा त्या सालचा पाडवा अजून यायचा होता, त्यामुळं तो दिवस शके 1815 मधला. त्यात सरळ 78 मिळवले तर 1893 येतं आणि वर्षाची चूक होते. शक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना 79 मिळवायचे. अशा एका वर्षाच्या चुकीनं अख्खा युक्तिवाद पडतो, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे कोष्टक चिकटवून ठेवा.

इंग्रजीचं सांगायचं तर बोलायची इंग्रजी आणि जुन्या सरकारी फायलीतली इंग्रजी वेगळी आहे. मराठी मीडियमच्या पोरांनी घाबरायचं कारण नाही, ती भाषा साचेबंद आहे, तीच तीच वाक्यं परत परत येतात. 1886 चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, 24 वा खंड, कोल्हापूरचा, तो रोज थोडा वाचा. त्याआधीचा 1854 चा ग्रॅहमचा कोल्हापूर संस्थानावरचा रिपोर्टही वाचा आणि दोन्हीत एकाच जातीबद्दल, एकाच गडाबद्दल काय लिहिलंय ते शेजारी शेजारी ठेवून बघा. ग्रॅहम आला तो 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतरच्या काळातला अधिकारी, त्याला गडकरी कसे दिसणार हे तुम्हीच ठरवा.

पायरी 3 : प्रश्न लहान करा

बहुतेकांची गाडी इथं अडते. "ब्रिटिश साम्राज्य आणि भारतीय संस्कृती : एक अभ्यास" असा विषय घेऊन येणारे खूप आहेत, आणि "राजर्षी शाहू महाराजांचे सामाजिक कार्य" तर दर वर्षी कुणीतरी घेतंच. शाहू महाराजांबद्दल आपल्या सगळ्यांना प्रेम आहे, असायलाच पाहिजे, पण प्रेमापोटी आधीच ठरलेलं उत्तर परत लिहिणं म्हणजे संशोधन नव्हे आणि त्यानं महाराजांचाही मान वाढत नाही.

विषय कसा लहान करायचा ते एका उदाहरणावर दाखवतो. 1870 मध्ये कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज विलायतेला गेले, वय वीस. व्हिक्टोरिया राणीला भेटले, इंग्रजीत डायरी लिहिली, परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबरला वारले. दहन तिथंच नदीकाठी झालं, अंत्यविधीची ती पद्धत तिथं चालत नव्हती तरी परवानगी मिळाली, आणि आज तिथं कासिने बागेत त्यांची छत्री उभी आहे. डायरी कॅप्टन वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादन करून 1872 ला छापली.

आता यावर "राजाराम महाराजांचा युरोप प्रवास" असा विषय घेतला तर फक्त गोष्ट सांगून होते. प्रश्न विचारायला लागा. डायरी छापताना वेस्टनं काय ठेवलं आणि काय गाळलं असेल, आणि ती कुणी वाचावी म्हणून छापली? राजा समुद्र ओलांडून गेला याबद्दल कोल्हापुरात काय बोललं गेलं, त्याचा मागमूस मराठी कागदात आहे का? खर्च कुणाच्या खात्यावर पडला? पार बग्गीवाल्यापासून शागिर्दापर्यंतच्या पगाराच्या नोंदी दरबारी हिशोबात शोधता येतात का? मग तुमचा विषय होतो, समजा, "संस्थानिकाचा परदेशप्रवास : खर्च, धर्म आणि निष्ठा, कोल्हापूर 1870 ते 1902". आता 1902 का? कारण त्या साली शाहू महाराजही सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. तो राज्याभिषेक ठरला होता 26 जूनला, राजा आजारी पडला म्हणून गेला 9 ऑगस्टवर, आणि मधल्या काळात 26 जुलैला इकडं करवीर गॅझेटात मागासवर्गीयांना संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम आला. साम्राज्याच्या सोहळ्याला गेलेला राजा आणि त्याच वेळी गावात निघालेला हा हुकूम, दोन्ही एका चौकटीत ठेवून बघितल्यावर शाहू महाराज जास्त मोठे दिसतात, निव्वळ गौरव करून नाही दिसत. बत्तीस वर्षं, दोन राजे, दोन प्रवास, एवढं पीएचडीला भरपूर झालं.

कसोटी सोपी आहे. तुमच्या विषयातला एखादा कागद नेमका कुठं असू शकेल हे सांगता येत नसेल तर विषय अजून मोठा आहे.

पायरी 4 : दफ्तरखान्यात

कोल्हापूरचं पुराभिलेखागार हे तुमचं पहिलं घर. कॉलेजचं किंवा गाइडचं पत्र, ओळखपत्र, आणि पेन नको पेन्सिल न्या, शाईचा डाग जुन्या कागदावर पडला तर तो कायमचा. फोटोचे नियम आधी विचारा, गुपचूप मोबाईल काढू नका, तुमच्यामुळं पुढच्या दहा जणांना त्रास होतो. कागद कापडात बांधलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडताना गाठ ओढायची नाही, टेबलावर आडवा ठेवून सोडायचा, कागदांचा क्रम जसा आहे तसाच ठेवायचा, कारण तो क्रमही पुरावा असतो, कुठल्या कारकुनानं कुठली पत्रं एकत्र बांधली यावरनं दरबार एखाद्या प्रकरणाकडं कसा बघत होता ते कळतं. प्रत्येक कागदाची नोंद लिहिताना रुमाल नंबर, कागद नंबर, तारीख, कुणी कुणाला लिहिलं, एवढं पहिल्या ओळीत. हे न लिहिता नुसता मजकूर उतरवला तर दोन वर्षांनी तळटीप देताना तो कागद तुमच्या काही कामाचा राहत नाही. आणि तिथल्या कर्मचाऱ्यांशी नीट बोला, कुठल्या कपाटात काय आहे हे यादीपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव पहिलं यावं असं मला मनापासनं वाटतं.

मग पुण्याचं पेशवे दफ्तर. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, तिथं पोलिटिकल डिपार्टमेंटचे खंड बघायचे. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, त्यांचं 'अभिलेख पटल' पोर्टल घरात बसून शोधता येतं. तिथं कोल्हापूर हे नाव आजच्या स्पेलिंगनं टाकून थांबू नका. जुन्या इंग्रजीत ते कधी एच गाळून लिहिलंय, कधी शेवटी डबल ओ आर, कधी शेवटी ओ आर ई. सगळी रूपं टाकून बघा, जे सापडत नव्हतं ते सापडतं. माणसांच्या नावांचंही तेच.

गावातली ग्रंथालयं विसरू नका. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनचं आहे, म्हणजे विद्यापीठापेक्षा शंभरावर वर्षांनी जुनं. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालय आहे. जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं मिळतील तिथं जाहिराती पण वाचा, कुठलं साबण, कुठलं नाटक, कुठला फोटोवाला, संस्कृतीचा इतिहास अग्रलेखापेक्षा जास्त वेळा जाहिरातीत सापडतो.

पायरी 5 : नेट, सेट, पीएचडी

हे कोरडं आहे पण याच्याशिवाय गाडी पुढं जात नाही. नेट ही प्राध्यापक होण्यासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, सेट राज्याची. नेटला दोन पेपर, पहिल्यात 50 प्रश्न 100 मार्कांना, दुसऱ्यात इतिहासाचे 100 प्रश्न 200 मार्कांना, सलग तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न सोडून यायचं नाही. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. सेट पुणे विद्यापीठ घेतं, तिथं इतिहासाचा पेपर मराठीतही असतो, पण सेटनं फेलोशिप मिळत नाही, ती नेटच्या जेआरएफनं म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपनं मिळते. जेआरएफ 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000. त्याला वयाची अट 30, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षं सवलत. म्हणून एमएच्या दुसऱ्या वर्षालाच नेटला बसा, "एमए होऊ दे मग बघू" करत बसलं की वय निघून जातं. प्राचीन आणि मध्ययुग दोन्ही येतं, त्यामुळं ब्रिटिश काळ आवडतो म्हणून हडप्पा सोडता येत नाही.

जेआरएफ नाही मिळालं म्हणजे संपलं असं नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएचडीच्या पोरांना फेलोशिप देतात, सारथीचं केंद्र कोल्हापुरातच आहे. जाहिरात, मुदत, कागदपत्रं दर वर्षी बदलतात, तेवढं स्वतः जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका. आणि जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सेतू कार्यालयात रांग लागते.

पीएचडीला 2022 च्या यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6, महिलांना त्यावर 2 वर्षं जादा. सुरुवातीला कोर्सवर्क. प्राध्यापकाकडं 8, सहयोगी प्राध्यापकाकडं 6 आणि सहायक प्राध्यापकाकडं 4 च विद्यार्थी असू शकतात, त्यामुळं आवडत्या गाइडकडं जागा आहे का ते अर्ज भरायच्या आधी विचारा.

गाइड निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी बघा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या वेबसाइटवर असतात, त्यातले दोन उघडून शेवटची संदर्भसूची बघा, मूळ कागद किती वापरलेत ते लगेच कळतं. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला चहाला नेऊन विचारा, लिहून दिलेलं प्रकरण सर किंवा मॅडम किती दिवसात वाचून परत देतात. विषय तंतोतंत जुळला नाही तरी चालतो, पण वाचणारा गाइडच पाहिजे.

पायरी 6 : लिहायचं कुठं

शिवाजी विद्यापीठ इतिहास परिषद आणि अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद, इथं पहिला निबंध वाचा, मराठीत वाचा. मग इंडियन हिस्टरी काँग्रेस, जी 1935 ला पुण्यातच सुरू झाली. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलच्या नादाला अजिबात लागू नका. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळं आता जर्नल चांगलं का वाईट हे तुमचं तुम्हालाच ओळखायला पाहिजे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, तुमच्या लेखावर कुणीतरी वाचून प्रश्न विचारले का, एवढं बघा. लेखावर तांबड्या खुणा आल्या तर वाईट वाटून घेऊ नका, कुणीतरी वाचलं म्हणून त्या आल्या.

मराठीत लिहायचं का इंग्रजीत? दोन्हीत. प्रबंध मराठीत असला तरी एक तरी लेख इंग्रजीत करा, नाहीतर तुमचं मोडीतनं काढलेलं सोनं बाहेर कुणाला कळत नाही. आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यानं एक तरी लेख मराठीत करावा, कारण ज्या गावच्या कागदावर तुम्ही उभे आहात त्या गावाला तो वाचता आला पाहिजे.

पायरी 7 : लंडनचे कागद

ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स आहेत, विषय मागेल तर तिथं जावं लागतं, पण कोल्हापूर आणि मुंबईचे कागद पुरते वाचल्याशिवाय जाऊ नका. तिथं दिवस मोजके आणि खर्च भरमसाट, कुठला नंबर मागवायचा हे इथंच ठरलेलं पाहिजे. 2023 च्या सायबर हल्ल्यात त्यांचं कॅटलॉग बरेच दिवस बंद पडलं होतं, त्यामुळं निघायच्या आधी ईमेल करून काय मिळतंय ते विचारून घ्या. छोट्या संशोधन भेटीसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, शिकायला जायचं तर कॉमनवेल्थ, किंवा ऑक्सफर्ड, सोआस आणि रीडिंगसाठी फेलिक्स. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, गावाकडच्या पोरांना माहीतच नसते, ओळखीत कुणी असेल तर सांगा.

पायरी 8 : नोकरी

कागदावर सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 पासून सुरू होतो आणि 2023 पासून नेट किंवा सेट असेल तर पीएचडी सक्तीची नाही. प्रत्यक्षात पीएचडी झालेल्यांची रांग एवढी आहे की ती नसेल तर मुलाखतीत मागं पडता. आणि कायम जागा निघेपर्यंत बहुतेकांना सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा, लग्नाच्या बैठकीत नको. सीएचबी करताना आठवड्यातला एक दिवस दफ्तरखान्यासाठी राखलाच पाहिजे, सात दिवस तीन कॉलेजांना पळालात तर संशोधन तिथंच थांबतं, अशी हुशार पोरं थांबलेली मी बघितलीत आणि वाईट वाटतं.

मुलाखतीला जाताना प्रबंधाचा विषय दोन मिनिटात, एका कागदाचं उदाहरण देऊन सांगता आला पाहिजे, घरी मोठ्यानं म्हणून बघा. कॉलेजशिवायही जागा आहेत. वस्तुसंग्रहालयं, पुरातत्त्व खातं, गॅझेटियर विभाग, जुन्या संस्थांचे कागद लावून द्यायची कामं, प्रकाशनं. वकिलांना आणि जमिनीच्या दाव्यातल्या लोकांना मोडी वाचणारा माणूस सतत लागतो, त्यातनं संशोधनाच्या वर्षांत घरखर्चाला हातभार लागतो. आणि पुराभिलेख विभागाची स्वतःची भरतीही निघते, तेव्हा मोडीचं प्रमाणपत्र लॅमिनेट न करता साध्या फाईलमध्ये ठेवा, पडताळणीला मूळ कागदच मागतात.